खुर्चीबाहेरची सत्ता

मुख्यमंत्रिपदावर वसंतदादा पाटील किती काळ होते, याचा हिशेब मांडला तर उत्तर काहीसे आश्चर्यकारक येते. मे १९७७ ते जुलै १९७८ हे चौदा महिने आणि फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५ हे अठ्ठावीस महिने. सारी मिळून साडेतीन वर्षे. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. तरीही महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरात ज्या एका निर्णयाचे परिणाम आजही दर जून महिन्यात जाणवतात, तो निर्णय दादांचा आहे. १९८३ साली त्यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची परवानगी दिली. हा निर्णय समजून घ्यावयाचा तर दादांची सत्ता मुळात कोठे होती, हे पाहावे लागते.

ती मंत्रालयात नव्हती, सांगलीत होती. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला आणि गोळी लागून पुन्हा पकडला गेलेला हा तरुण स्वातंत्र्यानंतर सहकाराकडे वळला. शालेय शिक्षण बेताचे. पण शेतकऱ्याकडून भागभांडवल कसे उभे करावे आणि उसाच्या बिलातून कपात करून संस्था कशी वाढवावी, याचे त्यांचे ज्ञान पदवीधरांना मागे टाकणारे होते. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना हे त्या ज्ञानाचे फळ. कारखाना, बँक, खरेदी-विक्री संघ या संस्थांच्या जाळ्यातून जो अधिकार निर्माण झाला, तो कोणत्याही शपथविधीवर अवलंबून नव्हता.

म्हणूनच दादांना खुर्ची सोडणे जड गेले नाही. शंकरराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत मंत्रिमंडळाबाहेर पडल्यावर त्यांनी १९७६ साली राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. पण १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला राज्यातील ४८ पैकी २० जागाच मिळाल्या, शंकररावांनी राजीनामा दिला आणि निवृत्त दादा मुख्यमंत्री झाले. पुढील वर्ष मात्र खडतर गेले. सरकारी कर्मचारी व शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप त्याच काळातला. निवडणुकीनंतर दोन काँग्रेस पक्षांचे संयुक्त सरकार आले. ते जुलै १९७८ मध्ये शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडल्याने कोसळले. १९८० साली दादा लोकसभेत गेले, १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले. जून १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नियुक्ती दिल्लीने केली, तेव्हा ती न रुचल्याने त्यांनी पद सोडले. श्रेष्ठींच्या मर्जीवर मुख्यमंत्री बदलण्याच्या त्या काळात हे विरळाच होते. राजस्थानच्या राज्यपालपदाचाही त्यांनी १९८७ साली असाच त्याग केला.

दुसऱ्या कारकिर्दीत दादांनी प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. तिने १९८४ साली सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवून दिला. हा अहवाल राज्याच्या अर्थकारणातील मैलाचा दगड होय. परंतु समाजजीवनावर त्याहून खोल ठसा उमटला तो शिक्षणविषयक निर्णयाचा.

त्या निर्णयामागील अर्थशास्त्र चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. शासकीय महाविद्यालयांतील जागा मोजक्या होत्या. महाराष्ट्रातील मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकावयास जात होती. सरकारपाशी पैसा नव्हता, ग्रामीण भागात संस्था उभारण्याचा अनुभव असलेले कार्यकर्ते मात्र होते. जे साखरेत साधले ते शिक्षणात का साधू नये, हा दादांचा विचार त्यांच्या आयुष्याच्या अनुभवातूनच आला होता.

पण साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था यांत एक मूलभूत भेद आहे. कारखान्यात पैसा घालणारा शेतकरी सभासद असतो आणि एका सभासदाला एक मत असते. वार्षिक सभेत उठून तो अध्यक्षाला भावाविषयी जाब विचारू शकतो. विनाअनुदान महाविद्यालयात पैसा घालतो तो पालक. त्याला ना भाग, ना मत, ना सभा. संस्था विश्वस्तांची राहते. सहकारातून नेतृत्व आले, निधी उभारण्याची हातोटी आली. सभासदाचा अंकुश तेवढा मागे राहिला.

तो अंकुश मग बाहेरून लावावा लागला. अवघ्या चार वर्षांत, १९८७ साली, देणगीबंदीचा कायदा करण्याची पाळी राज्यावर आली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला निम्म्या जागांपुरते शुल्क बांधून द्यावे लागले आणि २०१५ साली शुल्क नियामक प्राधिकरणासाठी राज्याने पुन्हा कायदा केला. मताचा अधिकार असला म्हणजे संस्था सुखरूप राहतेच असे नव्हे. खुद्द सांगलीचा कारखाना २०१७ साली भाडेतत्त्वावर चालवावयास द्यावा लागला. तथापि तेथे सभासदाला निदान जाब विचारण्याचे स्थान आहे. शुल्काची पावती हाती घेतलेल्या लिपिकाला वा शिक्षकाला ते नाही.

विनाअनुदान महाविद्यालयांमुळे हजारो खेड्यांतून पहिला अभियंता निघाला, हे श्रेय दादांचे आहे आणि ते कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १ मार्च १९८९ रोजी ते गेले. खुर्चीवाचून ज्याची सत्ता अडत नव्हती अशा नेत्याला त्या सत्तेचा लगाम सभासदांच्या हाती असतो, हे पुरते ठाऊक होते. त्याने उघडलेल्या दारातून जे पुढे आत शिरले, त्यांनी सत्ता घेतली आणि लगाम बाहेर ठेवला. महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर पालक व विद्यार्थी यांना मताचा अधिकार देणे, हीच त्या अपुऱ्या राहिलेल्या निर्णयाची खरी पूर्तता ठरेल.