चिकटावे कुठे, सुटावे कुठे

भुईगावच्या आमच्या खालांच्या पायावर तळणाचे तेल सांडले. पोटरीची जखम खोल होती, म्हणून डॉक्टरांनी मांडीची पातळ त्वचा काढून तिथे बसवली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा खाला म्हणाल्या, "बेटा, भाजल्यापेक्षा मांडीच जास्त ठणकते. तिथली जाळीची पट्टी सुकून चिकटली आहे. ओढून काढू का?" आम्ही त्यांचा हात धरला.

अशा वेळी घरात दोन जखमा येतात आणि दोन्हींचा कायदा उलटा असतो. जिथे त्वचा बसवली तिथे ती चिकटलीच पाहिजे. जिथून काढली तिथे पट्टी चिकटली, तर ती सोडवताना जीव जातो.

बसवलेल्या त्वचेला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. पहिल्या काही तासांत फायब्रिन नावाचे बारीक तंतू तिला खळीसारखे धरून ठेवतात. एक-दोन दिवस ती जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. मग खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्याशी जुळतात आणि साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ती रुजते. या काळात खाली रक्त किंवा पाणी साचले, पू झाला, त्वचा जराशी सरकली, तरी सगळी मेहनत वाया जाते. डॉक्टर घट्ट पट्टी बांधतात आणि पाय उंच ठेवायला सांगतात, ते याचसाठी.

मांडीची जखम उथळ असते. साधारण दोन आठवड्यांत भरते. जाळी ओढली तर कोवळी त्वचाही निघते. डॉक्टरांना विचारून सुटलेल्या कडा तेवढ्या कापाव्यात. दुर्गंधी, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवावे.

यावर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरून पाहिले. मेणचट, गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही; व्हॅसलीनच्या जाळीपेक्षा ते बदलताना वेदना फार कमी होतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. भुईगावच्या वाडीत केळी आहेत, पण म्हणून कुणी पान तोडून जखमेवर ठेवू नये. रुग्णालयातले पान निर्जंतुक केलेले असते.

खालांनी धीर धरला. पंधराव्या दिवशी जाळी आपसूक सुटून हातात आली. खाली गुलाबी कातडी होती.