फुलं काढणे

‘काढणे’ या क्रियापदावर आमच्या बँकेचा निम्मा धंदा चालतो. लोक पैसे काढतात, कर्ज काढतात आणि काउंटरवर रांग लांबली की आमची खरडपट्टी काढतात. खात्याची, खिशाची नाहीतर अब्रूची, शिल्लक कुठंतरी कमी होतेच.

राधानगरीला बदली झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात, एका दुसऱ्या शनिवारी, मी वही-पेन्सिल घेऊन निघालो. “फुलं काढायला चाललोय,” म्हटलं. हिनं हातात परडी दिली. “मग देवाला चार जास्त आणा!”

तिचा काय दोष? फूल दिसलं की खुडायचं, ही आपली रीत. जे खुडत नाहीत ते मोबाईल काढतात. सोनकी फुललेल्या माळावर हे लोक लोळण घेतात, फोटो मारतात आणि जेवायला पळतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, यांच्या फोटोचा तीन सेकंद!

माझं भांडण या दोघांशीही आहे. “चित्रकला येत नाही हो,” असं म्हणू नका. मला तरी कुठं येते? शाळेत माझं कमळ पाहून मास्तरांनी “हा कोबी कुणाचा?” असं विचारलं होतं. त्या दिवशी रस्त्याकडेची कळलावी काढली, ती वाऱ्यानं उलटी झालेल्या छत्रीसारखी आली. निरखून पाहतो तर मूळ फूलही तसंच! सहाही पाकळ्या मागं वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाशी लाल. अर्ध्या तासानं ध्यानात आलं, पानाचं टोक वेटोळं घालून शेजारच्या काटकीला धरून बसलंय. लहानपणापासून कळलावी बघतोय, पण हे कधी दिसलं नव्हतं.

दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. २०१२ साली राधानगरी अभयारण्याचं नाव पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात लागलं. गव्याला कुणी हात लावत नाही, कारण तो शिंगावर घेतो. फुलाला शिंगं नाहीत. अभयारण्यातून परवान्याशिवाय फूलही नेता येत नाही, हा कायदा, पण परडीवाला म्हणतो, “एका फुलानं काय होतंय?” साहेब, एकेक नोट काढूनच खाती रिकामी होताना मी रोज पाहतो. गौरीला बांधावरचा तेरडा न्या, माझी ना नाही. पण कारवी? ती सात वर्षं थांबते, एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. ती तिची मुदत ठेव. आणि ऐन मुदतीच्या दिवशी तुम्ही दरोडा घालता!

म्हणून म्हणतो, फुलं जरूर काढा, पण कागदावर. काढूनही शिल्लक जागच्या जागी राहते, असा दुसरा व्यवहार माझ्या नोकरीत मी पाहिलेला नाही.

रिकामी परडी पाहून ही काही बोलली नाही. वही मात्र तिनं उघडली. “अहो, फुलं काढायला गेलात आणि छत्री काय काढलीत?”

चौथ्या शनिवारी ती बरोबर आली. परडीत दोन पेन्सिली होत्या, आणि भाकरीचा डबा.