पैसा पुढे, स्टेशन मागे

परवा माझ्या डोंबिवलीकर मैत्रिणीनं बीकेसीतली नोकरी नाकारली. पगार झक्कास होता, पण कुर्ल्याला उतरून रोज रिक्षाची रांग? ‘नको यार!’

फोर्टात बँका अन् शेअरबाजार रुजले, कारण बंदर जवळ, आणि चर्चगेट-व्हीटीला उतरून चालत ऑफिस गाठता यायचं. बीकेसी मात्र दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध. मोकळी जागा मिळाली म्हणून एनएसई, सेबी तिथे गेले. दाराशी स्टेशन नव्हतं. भुयारी मेट्रो बीकेसीत आली २०२४ मध्ये, तिथून कफ परेडपर्यंत २०२५ मध्ये. फोर्ट-बीकेसी जोडले गेले, बॉस! पण कुर्ला स्टेशन या मार्गावर नाही.

मैत्रीण फोर्टातच आहे. पगार कमी, पण व्हीटीहून ऑफिस दहा मिनिटं. चालत!