फरशीवाल्याचा 'स्वयं' आणि त्याचा रोजगार

बेकारीच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांनी १९७९ हे वर्ष विसरू नये. त्या वर्षी २६ जानेवारीला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला आणि ग्रामीण भागात काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला केंद्र सरकारने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना सुरू केली. पहिल्या कल्पनेत बेकाराचा हक्क होता. दुसरीत त्याला थोडे शिकवून, थोडे कर्ज देऊन बाजाराच्या हवाली करण्याची सोय होती. पुढे सत्ताधाऱ्यांना यांतली कोणती कल्पना अधिक मानवली, हे पाहायचे असेल तर अमरावती-अकोल्यात फरशी बसवण्याचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून, हातात प्रमाणपत्र घेऊन उभ्या असलेल्या तरुणाकडे पाहावे.

हा तरुण या धंद्यात हौसेने आलेला नाही. कोरडवाहू कापसाच्या शेतीत घरातल्या सगळ्यांना पुरेल इतके काम उरलेले नाही. गिरण्यांचा आधारही गेला. अचलपूरची फिनले गिरणी २०२०च्या टाळेबंदीत थांबली. मात्र घरे बांधली जात आहेत. शहाबादी फरशी गेली, मोझाइक गेले आणि मोरबीच्या चकचकीत टाइल्स खेड्यातल्या घरापर्यंत पोचल्या. पूर्वी गवंडीच उरकत असे ते काम आता स्वतंत्र कसब झाले आहे. ते शिकावे यात गैर काहीच नाही. गैर आहे ते शिकवण्याच्या नावाखाली हात झटकणे.

२०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना आली. दुसरीच्या वर्षपूर्तीचा सोहळा तर २०२४ साली शेजारच्या वर्ध्यात थाटाने झाला. तिच्या अठरा व्यवसायांत गवंडी आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा दिवसांचे पुढचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, असे तिचे स्वरूप. ही रक्कम गरिबाला नकोशी नाही आणि कार्यकर्त्यांनी ती मिळवून देण्यात कुचराई करू नये. पण पंधरा दिवसांत मिस्त्री घडतो, हे ज्याने कधी ओळंबा हातात धरला नाही त्यालाच सुचू शकते.

वऱ्हाडात तर हे काम अधिकच अवघड. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भराव नीट ठोकून, पाणी देऊन बसवला नाही तर दोन पावसाळ्यांत जमीन खचते आणि फरशी मधोमध तडकते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी मसाल्यात घातले की सांध्यांतून पांढरा लोणा वर येतो. मे महिन्याच्या उन्हात मसाला पसरेपर्यंतच सुकू लागतो. नव्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ पीत नाहीत. जुन्या सवयीने नुसता सिमेंटचा घोळ लावून त्या बसवल्या तर खाली पोकळी राहते, आणि बोटाने ठोकताच घरमालकाला ती ऐकू येते. न्हाणीघरात पाण्याचा ढाळ मोरीकडे राखणे, वाकड्या भिंतीच्या खोलीत काटकोन धरून पहिली ओळ टाकणे, हे सारे उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षे घालवल्यावर अंगी येते. ती वर्षे उमेदवाराने कशावर जगावे, याचे उत्तर या योजनांत नाही.

आणि समजा कसब आले; तरी 'स्वयंरोजगारी' या शब्दाने त्याचे काय झाले? काम चौरस फुटावर, माप ठेकेदाराचे. स्कर्टिंगचे पैसे वेगळे की त्यातच, यावर वाद. फुटलेली टाइल फरशीवाल्याच्या माथी आणि शेवटचा हप्ता अडकलेला. कारखान्यातल्या कामगाराला निदान मालक कोण हे ठाऊक असते. फरशीवाल्याला दर आठवड्याला नवा मालक आहे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने एकही नाही. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राहिली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून उभा राहिलेला निधी याच श्रमिकांसाठी आहे. पण वीस-पंचवीस घरांत मिळून भरलेल्या नव्वद दिवसांची साक्ष कोणी द्यायची? मुकादम देत नाही, कारण सही केली की जबाबदारी आली.

धुळीची गोष्ट त्याहून गंभीर. हातातल्या कटरने टाइल वा दगड कोरडाच कापला की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. पाणी सोडत कापले तर धूळ बरीच बसते. कारखाना कायद्यात हा रोग कळवणे बंधनकारक होते. राहत्या घराच्या व्हरांड्यात बसून कापणाऱ्याला कारखाना कुठला? राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण केले, महाराष्ट्राने ते निदान वाचावे. (याच बांधकामांवर बाया आयुष्यभर घमेली वाहतात. त्यांच्या हाती थापी का येत नाही, असे विचारावेसेही कोणाला वाटत नाही.)

तेव्हा मागणी अभ्यासक्रम बंद करण्याची नव्हे, तो पुरा करण्याची असली पाहिजे. पंधरा दिवसांनंतर अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली किमान वेतनासह उमेदवारी हवी, आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीलाही मोबदला हवा. शाळा, दवाखाने आणि घरकुलांची फरशीकामे फरशीवाल्यांच्या सहकारी संस्थांना थेट मिळावीत. मजूर संस्थांच्या नावावर ठेकेदारांनीच कामे लाटल्याचा अनुभव जुना आहे. म्हणून सभासद तोच असावा ज्याच्या गुडघ्याला घट्टे आहेत.

यासाठी मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. अमरावती आणि अकोला येथील शाखांनी सकाळी मजूर उभे राहतात त्या नाक्यांवर जाऊन प्रत्येक फरशीवाल्याला एक वही द्यावी. तारीख, घराचा पत्ता, मालकाचे नाव, किती चौरस फूट आणि मालकाची सही, एवढे तिच्यात रोज लिहिले जावे. नव्वद दिवस भरले की त्या वह्या घेऊन, एकेकट्याने नव्हे तर सर्वांनी मिळून, गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आणि शहरात महापालिकेत जावे, आणि दाखला हाती पडेपर्यंत तेथून उठू नये.