विजेची सायकल : किंमत आणि हिशेब

एके काळी महाराष्ट्रातील शहरांत सायकल हे कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांचे हक्काचे वाहन होते. पुण्याची तर ‘सायकलींचे शहर’ हीच ओळख होती. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. तीच सायकल आता मोटार व बॅटरी लेवून पुन्हा दुकानांच्या दर्शनी भागात उभी राहिली आहे. पूर्वी ती कचेरीचा रस्ता दाखवीत असे. आता रविवारच्या सहलीचे, घाटमाथ्याचे आणि कोकणकिनाऱ्याचे आमिष दाखवते. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या मध्यमवर्गीयाला हे आमिष लहान नाही. साधारणतः २५ ते ५० हजार रुपयांत अशी सायकल मिळते. परंतु ही रक्कम पगारदार कुटुंबाला सहज फेकून देण्याजोगी नसते. म्हणूनच ‘परवडणारी’ या शब्दाचा अर्थ जाहिरातीवर न सोपविता स्वतंत्रपणे तपासावयास हवा.

विजेची सायकल हे श्रीमंतांचे नवे खूळ आहे, असे मानण्याचे कारण नाही. पायंडलास मोटारीची जोड देणारी सायकल जपानमध्ये यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. जर्मनीत २०२३ मध्ये सुमारे २१ लाख विजेच्या सायकली विकल्या गेल्या आणि प्रथमच त्यांनी साध्या सायकलींना मागे टाकले. तेथील विक्रीस दुजोरा देणारी यंत्रणाही आहे : सलग सायकलमार्ग, दुरुस्तीची सोय, ठरलेली मानके. आपल्याकडे वस्तू आली. यंत्रणा अद्याप यावयाची आहे.

कायद्याची व्याख्या

आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या वाहनाची सीमा आखून दिली आहे. मोटारीची तीस मिनिटे टिकणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, आणि पायंडल मारणे थांबताच किंवा वेग ताशी २५ किलोमीटरवर पोचताच तिचे साहाय्य बंद व्हावे, अशी पायंडलाच्या सायकलीबाबत अट आहे. केवळ मूठ पिळून चालणाऱ्या वाहनास हीच शक्ती व ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग ही मर्यादा असून तिची खातरजमा मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेकडून व्हावी लागते. या अटी पाळणारे वाहन मोटार वाहन ठरत नाही; साहजिकच त्याला नोंदणी, परवाना व विमा यांचे बंधन नाही. एखादा विक्रेता ‘आणखी जोर’ देऊ करतो, तेव्हा ग्राहक नकळत या सवलतीबाहेर जातो. अपघात झाला म्हणजे विम्याविना रस्त्यावर आणलेल्या मोटार वाहनाची सारी जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते. तेव्हा पहिली कसोटी जोराची नसून कायदेशीरपणाची आहे.

घाटातील गणित

दुसरी कसोटी बॅटरीची. ‘एका चार्जिंगमध्ये अमुक किलोमीटर’ हा जाहिरातीतील आकडा सपाट रस्ता, हलका स्वार आणि पडलेला वारा गृहीत धरतो. विचारावयाचा आकडा वेगळाच आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजेच वॅट-तास. ३६ व्होल्टची ६ अँपिअर-तासाची बॅटरी २१६ वॅट-तास ऊर्जा साठवते. १० अँपिअर-तासाची ३६०. सपाट रस्त्यावर पाय चालवीत गेल्यास किलोमीटरला ८ ते १५ वॅट-तास खर्ची पडतात.

आता हाच हिशेब पसरणीच्या घाटाला लावून पाहावा. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर असून चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. स्वार ७० किलोचा, सायकल २५ किलोची व सामान १५ किलोचे धरले, तर ११० किलोचा भार एवढा उंच नेण्यासच सुमारे १७० वॅट-तास लागतात. चाकांचे घर्षण धरून हा आकडा २०० च्या पुढे जातो. मोटारीत वाया जाणारी ऊर्जा मिळविली, म्हणजे बॅटरीवर पावणेतीनशे वॅट-तासांचा बोजा पडतो. लहान बॅटरीचा स्वार पाय हलविणार नसेल, तर वाईतून पूर्ण चार्ज करून निघाला तरी घाट संपण्यापूर्वीच थांबेल आणि पंचवीस किलोंचे ओझे ढकलीत वर जाईल. तोच स्वार निम्म्याहून थोडे कमी श्रम स्वतः करील, तर तीच बॅटरी त्याला वर पोचवील. सहलीच्या सायकलीत पाय हे बॅटरीचे भागीदार असतात. जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट झाकलेली असते.

मोटारीच्या जागेचाही विचार करावा लागतो. स्वस्त सायकलींत ती बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेली असते. ही रचना साधी व दुरुस्तीस सोपी. परंतु तीव्र चढावर चाक संथ फिरू लागले की तिची कार्यक्षमता घटते आणि ती तापते. पायंडलाच्या आसापाशी बसविलेली मोटार सायकलीच्या गिअरचा लाभ घेते व घाटात सरस ठरते. मात्र तिची किंमत बहुतेक वेळा मध्यमवर्गीयाच्या आटोक्याबाहेर जाते. तेव्हा मर्यादित पैशात चाकातील मोटार स्वीकारावी. पण चढासाठी पुरेसे गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, निदान ३५० वॅट-तासांची काढघाल करता येणारी बॅटरी आणि जवळपास दुरुस्ती करणारा माणूस, यांत तडजोड करू नये. रंगीत पडदा, मोबाइलची जोडणी व रुंद चाकांचा डौल यांत केलेली काटकसर मात्र कधीच नडत नाही. रुंद चाके तर उलट बॅटरी अधिक खातात.

दहा पैशांचा भ्रम

‘किलोमीटरला दहा पैसे’ ही घोषणा विजेपुरती खरी आहे. मात्र विजेचा खर्च हा या वाहनाच्या खर्चातील सर्वांत लहान भाग होय. समजा, ३६० वॅट-तासांची नवी बॅटरी १२ हजार रुपयांस मिळते आणि ती ५०० वेळा पूर्ण चार्ज होते. किलोमीटरला १० वॅट-तास धरल्यास ती १८ हजार किलोमीटर चालेल. म्हणजे नुसती बॅटरीची झीज किलोमीटरला ६७ पैसे झाली. पण लिथियमची बॅटरी वापराने झिजते तशी वयानेही झिजते. वर्षाकाठी शंभर किलोमीटरच्या पंधराच सहली करणाऱ्याची बॅटरी पाच वर्षांत मंदावली, तर तोवर तिने साडेसात हजार किलोमीटरच कापलेले असतील. मग तोच खर्च किलोमीटरला एक रुपया साठ पैशांवर जातो.

सायकलीची किंमत ४० हजार, आयुष्य दहा वर्षे आणि मध्ये एकदा नवी बॅटरी, असे धरले तर वर्षाचा भार ५,२०० रुपये होतो. दुरुस्ती व व्याज यात नाहीच. पंधरा सहलींवर हा भार वाटला, तर प्रत्येक सहल साडेतीनशे रुपयांची आणि प्रत्येक किलोमीटर साडेतीन रुपयांचा पडतो. याच सायकलीने जाऊन-येऊन आठ किलोमीटरची कचेरी किंवा शाळा वर्षातून अडीचशे दिवस गाठली, तर वर्षाचे अंतर साडेतीन हजार किलोमीटर होते आणि किलोमीटरचा भार दीड रुपयावर उतरतो. निष्कर्ष उघड आहे : रविवारची सायकल सोमवारी वापरली तरच ती स्वस्त. ज्याला ती केवळ सहलीस हवी, त्याने विकत घेण्याऐवजी भाड्याने घेणेच शहाणपणाचे.

लपलेली गुणवत्ता, उलटा कर

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, वस्तूची गुणवत्ता विक्रेत्यास ठाऊक व ग्राहकास अज्ञात असेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो. या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. विजेच्या सायकलीची बॅटरी ही अशीच बंद पेटी आहे. आतील घट कोणत्या प्रतीचे, किती वर्षे टिकणारे, हे ग्राहकास दिसत नाही. दिसते ती फक्त किंमत. मग प्रामाणिक उत्पादकास त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मिळत नाही.

अशा बाजारात शासनाने काय करावयाचे असते? अनुदान हे एक उत्तर आहे. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना किमतीच्या २५ टक्के, कमाल साडेपाच हजार रुपये देऊ केले. केंद्राच्या २०१९ च्या फेम-दोन व २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह या योजनांनी मात्र दुचाकींपैकी नोंदणी होणाऱ्या वाहनांनाच हात दिला. ज्या सायकलीला नोंदणी लागत नाही, तिच्या वाट्यास अनुदानही आले नाही. परंतु अनुदानाहून निकडीची विसंगती कराची आहे. विजेच्या वाहनावरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, तर सुट्या लिथियम बॅटरीवर तो १८ टक्के आहे. म्हणजे बॅटरीसह नवी सायकल घेणाऱ्यास सवलत, आणि जुनी सायकल जपून तिला नवी बॅटरी घालणाऱ्यास दंड! काटकसरीला शिक्षा व उधळपट्टीला उत्तेजन देणारी ही व्यवस्था मध्यमवर्गीय ग्राहकाच्या मुळावर येणारी आहे.

युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांनी वेगळी वाट चोखाळली. अशा हलक्या वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिरास बदलता आली पाहिजे आणि वाहनाची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे ती सुटी मिळाली पाहिजे, असे बंधन घालून त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. आपल्याकडेही प्रत्येक सायकलीवर वॅट-तास, वजन आणि ठरावीक चढावर तपासलेले अंतर ठळक छापण्याची सक्ती करणे अवघड नाही. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे. याचबरोबर पर्यटनस्थळी सुस्थितीतील सायकली भाड्याने मिळाल्या, तर शंभर जणांनी शंभर सायकली विकत घेऊन त्या जिन्याखाली ठेवण्याची गरज उरणार नाही.

ज्या देशात अनेकांना साधी सायकल परवडत नाही तेथे सहलीच्या सायकलीची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तो गैरलागू नाही. म्हणूनच अनुदानापेक्षा माहिती, मानके व समान कर यांचा आग्रह अधिक रास्त ठरतो, कारण त्यांना तिजोरीतून फारसे काही द्यावे लागत नाही. शिवाय फुरसत ही केवळ धनिकांची मिरास नव्हे. आयुष्यभर फळ्यापुढे किंवा फायलींपुढे उभ्या-बसल्या झिजलेल्या माणसाने एखाद्या पहाटे स्वतःच्या पायांनी घाट चढून जावा, ही इच्छा साधी आहे व योग्यही आहे. तिची किंमत त्याला आधी नीट कळावी, एवढीच अपेक्षा आहे. तोवर दुकानाची पायरी चढणाऱ्याने मोटारीचा जोर विचारण्यापूर्वी वॅट-तास विचारावेत, आणि सायकलीची किंमत विचारण्यापूर्वी नव्या बॅटरीची.