वर्दीतल्यांचा हक्क

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. लष्करात मात्र हे चालणार नाही, असे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जानेवारी २०१९ मध्ये बजावले. १९५० च्या लष्कर कायद्याचे कलम ४६ आजही ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. घटनेचे कलम ३३ संसदेला जवानांचे हक्क मर्यादित करू देते. पण असा जाच ठेवलाच पाहिजे, असे ते कुठे म्हणते? ब्रिटनच्या सैन्यातली समलिंगींवरची बंदी २००० साली उठली, तीही बडतर्फ सैनिक युरोपीय न्यायालयापर्यंत लढले म्हणून. नंदुरबार, शहाद्याची पोरे भरतीसाठी घाम गाळतात. त्यांतल्या समलिंगी मुलाने नोकरीभर खोटे जगावे, हा अन्याय आहे. नंदुरबारच्या खासदारांनी कलम ४६ च्या दुरुस्तीची मागणी लोकसभेत करावी.