आधी परवानगी, मग फोटो

तीन वर्षांपूर्वी शाळकरी मुलींच्या कबड्डी स्पर्धेत मी कॅमेरा घेऊन गेलो होतो. एक फोटो फार छान आला. मुलगी चढाई करून मधल्या रेषेवर झेपावलेली, मागे पकडीला आलेले तीन हात. त्याच रात्री तो इन्स्टाग्रामवर टाकला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या प्रशिक्षक मॅडमचा फोन आला. "सर, तो फोटो आधी काढून टाका. फिरत फिरत तो तिच्या मामांच्या मोबाइलवर पोहोचलाय. पोरगी दोन दिवस सरावाला आलेली नाही." मी फोटो काढला, पण तोवर तो बराच पुढे गेला होता. ती परतली एक महिन्याने. स्पर्धा संपलेली होती.

मैदान सार्वजनिक होते. आयोजक "काढा की" असेही म्हणाले होते. मग चूक कुठे झाली? परवानगी एकच असते असे मी धरून चाललो. आमच्या कामात एका लॉगिनने सगळे सर्व्हर उघडत नाहीत. इथेही तसेच आहे. परवानग्या तीन असतात: जागेची, माणसाची आणि वापराची.

व्यावसायिक खेळात जागेची परवानगी सर्वांत कठीण. तिकीट सामना पाहण्यासाठी असते. मोठ्या लेन्सचा कॅमेरा बहुतेक स्टेडियमच्या दारातच अडवला जातो. प्रवेशपत्र सहसा वर्तमानपत्राला किंवा वृत्तसंस्थेला मिळते, हौशी छायाचित्रकाराला नाही. या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे २०१२ मध्ये दिसले. इंग्लंडच्या दौऱ्यात भारतीय क्रिकेट मंडळाने गेटी इमेजेससारख्या फोटो संस्थांना प्रवेश नाकारला आणि निषेध म्हणून रॉयटर्स, एएफपी यांसारख्या वृत्तसंस्थांनी वार्तांकन थांबवले.

हौशी खेळात दार उघडे असते, म्हणून जबाबदारी आपली जास्त. शालेय स्पर्धा असेल तर शाळेला आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाला आधी पत्र द्या. तालमीत वस्तादांना विचारा. बॅडमिंटन, टेबल टेनिसमध्ये फ्लॅश बंद ठेवा. पत्राची प्रत खिशात असू द्या. नाव सांगितल्यावर आपल्यापैकी अनेकांना दोन प्रश्न जास्त विचारले जातात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा सही-शिक्क्याचा कागद लवकर काम करतो.

दुसरी परवानगी माणसाची. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर पालकांना विचारलेच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे. पालक "हो" म्हणाले तरी मुलीलाही विचारा. ती "नको" म्हणाली तर विषय संपला.

तिसरी वापराची. संघाच्या अल्बमसाठी दिलेला होकार म्हणजे इन्स्टाग्रामसाठी होकार नव्हे, आणि दुकानाच्या जाहिरातीसाठी तर नाहीच. उलट बाजूही लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणून काम घेताना चार ओळी लिहून घ्या.

हे सगळे वाचून कॅमेरा कपाटात ठेवू नका. गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेला, मुलींच्या फुटबॉल सामन्याला कोणत्याही वर्तमानपत्राचा छायाचित्रकार येत नाही. या मुलामुलींच्या खेळाची नोंद आपणच ठेवायची आहे. फक्त त्यांचा चेहरा आपल्याकडे अमानत आहे, हे विसरू नका.

मी आता सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाला जातो, कॅमेरा बॅगेतच ठेवतो आणि आधी विचारतो. त्या प्रशिक्षक मॅडमनी यंदा मला पुन्हा बोलावले आहे. सोबत संमतीचे अकरा कागद पाठवलेत. बारावा आलेला नाही. त्या बाराव्या मुलीचा फोटो मी काढणार नाही.